नोकरीचा शोध आणि लहानपणच्या सवयी

नोकरी गेली, किंवा शिक्षण संपून पहिली नोकरी शोधायची वेळ आली, की चहूबाजूंनी सल्ले येतात ते मोठे असतात. आत्मविश्वास ठेवा, सकारात्मक राहा, स्वतःमधली क्षमता ओळखा. घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असलेल्या माणसाच्या हाती यातून काही लागत नाही. उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हा त्याचा प्रश्न असतो. नोकरी शोधणं हे रोजचं, बारीकसारीक कृतींचं काम आहे. त्यातल्या बऱ्याचशा कृती आपण दहा-बारा वर्षांचे असताना घरात, शाळेत आणि गल्लीत शिकलो आहोत. त्या कुठे वापरायच्या हे या लेखात मांडलं आहे. दोन-तीन शिकवणी मात्र अशा आहेत की नोकरीच्या बाजारात त्या आड येतात. त्यांच्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं.

दिवसाला घंटा हवी

शाळेत असताना दिवस आखलेला असायचा. प्रार्थना, तास, मधली सुट्टी, घरी आल्यावर हातपाय धुणं, अभ्यास. नोकरीतही ही आखणी दुसऱ्या कुणीतरी करून दिलेली असते. नोकरी गेली की पगाराबरोबर ही आखणीही जाते आणि तिचं जाणं लगेच लक्षात येत नाही.

याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास ऑस्ट्रियातला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात एकच कापडगिरणी होती आणि १९२९-३० च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तिघांनी गावात जाऊन लोकांच्या दिवसाची नोंद केली आणि १९३३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. बेकार माणसांना भरपूर वेळ होता, तरी वाचनालयातून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. रस्त्याने चालताना पुरुषांचा वेग मंदावला, ते मध्येच थांबू लागले. सकाळपासून काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. बायकांच्या मागे घरकाम होतं, म्हणून त्यांच्या दिवसाला आकार राहिला आणि त्या पुरुषांपेक्षा भरभर चालत. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावाने हेच भोगलं. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावत गेली, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींमधून भोंगाही गेला. त्याच भोंग्यावर घरातला चहा, डबा आणि झोप बेतलेली होती.

म्हणून पहिलं काम वेळापत्रक. सकाळी ठरल्या वेळी आंघोळ करून टेबलाशी बसायचं. नऊ ते बारा शोधाचं काम: जाहिराती वाचणं, अर्ज, फोन. दुपारी एखादं कौशल्य शिकणं किंवा मुलाखतीचा सराव. संध्याकाळी शोध बंद. ही संध्याकाळची सुट्टी मला फार महत्त्वाची वाटते, कारण रात्री अकराला मोबाइलवर जाहिराती चाळण्यातून चांगला अर्ज निघत नाही, फक्त झोप जाते. घरच्यांनीही एक पाळावं. शोध चालू असलेल्या माणसाला सकाळच्या त्या तीन तासांत गॅसची टाकी, बँक आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं अशी कामं लावू नयेत.

प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा

परीक्षेला निघताना घरातलं कुणीतरी हे सांगायचंच. तरीही जाहिरातीचं नुसतं शीर्षक वाचून अर्ज करणारे पुष्कळ असतात.

खासगी जाहिरात दोनदा वाचावी आणि पेन्सिलीने खुणा कराव्यात. काय येणं आवश्यक म्हटलं आहे, काय असल्यास बरं म्हटलं आहे, जागा कायम आहे की कंत्राटी, शिफ्ट कोणत्या, काम हिंजवडीत आहे की रांजणगावला. आवश्यक गोष्टींपैकी बहुतेक आपल्याकडे असतील तर अर्ज करावा, सगळ्या असण्याची वाट पाहू नये. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी संगणकप्रणालीतून जातात आणि जाहिरातीतल्या शब्दांशी ताडले जातात. त्यामुळे जाहिरातीत वापरलेलीच संज्ञा, ते काम आपण खरोखर केलं असेल तर, अर्जातही तशीच लिहावी.

सरकारी भरतीत तर वाचण्यातल्या चुकीला माफी नसते. वय कोणत्या तारखेला मोजायचं, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेयरची मुदत, लिपिकपदासाठी टंकलेखनाची आणि संगणक ज्ञानाची अट, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. यांतलं एखादं कागदपत्र कमी पडल्याने लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार तपासणीच्या टप्प्यावर गळतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, लग्नानंतर बदललं असेल, तर ते काम जाहिरात निघण्याआधी उरकावं. राजपत्रातली नावबदलाची नोंद एका दिवसात होत नाही. दप्तर आदल्या रात्री भरून ठेवायची सवय इथे कामी येते.

पायऱ्या दाखवा, कच्चं काम लपवू नका

गणिताच्या शिक्षकांचं सांगणं असायचं की नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या मांडा. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. बायोडेटा लिहिताना नेमकं हेच करायचं असतं. ‘स्टोअरची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यात नुसतं उत्तर आहे. ‘बाराशे सुट्या भागांची नोंद रजिस्टरमधून एक्सेलवर आणली, महिन्याची मोजणी तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागली’ यात पायऱ्या आहेत. वाचणाऱ्याला तुम्ही काय केलंत, कशाने केलंत आणि त्याने काय फरक पडला हे तिन्ही कळतं. आकडा नसेल तर बळेच घालू नये. ‘रात्रपाळीच्या नवीन मुलांना मशीन सेटिंग शिकवायचं काम माझ्याकडे होतं’ हेही पुरेसं बोलकं आहे.

मधला रिकामा काळ हेही कच्चं कामच आहे. तो झाकण्यासाठी आधीच्या नोकरीच्या तारखा ताणणारे लोक आहेत. तसं करू नये. खोटं बोलू नये ही शिकवण तर त्यामागे आहेच, आणि शिवाय ते उघडं पडतं. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकाशी आपल्या प्रत्येक आस्थापनेची नोंद जोडलेली असते, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था त्या तारखा अर्जाशी ताडून पाहतात. निवड झाल्यानंतर, राजीनामा दिल्यानंतर हे उघड झालं तर माणूस दोन्हीकडून जातो. ‘जून ते जानेवारी वडिलांच्या आजारपणासाठी घरी होतो’ असं एक ओळीत लिहिलं की विषय संपतो.

पत्ता विचारत जा

लहानपणी हातात पिशवी देऊन एखाद्या अनोळखी गल्लीत पाठवायचे आणि सांगायचे, घर सापडलं नाही तर विचार कुणाला तरी. आपण विचारायचो आणि लोक सांगायचे. मोठेपणी नोकरीबद्दल विचारायची वेळ आली की मात्र जीभ जड होते. नोकरी नाही हे चारचौघांत कळेल, लोक काय म्हणतील. मग माणूस फक्त संकेतस्थळांवर अर्ज टाकत राहतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन इथल्या व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक लोकांचा अभ्यास केला. त्यांचा गाजलेला निबंध १९७३ चा आणि पुस्तक १९७४ चं. नुकतीच नोकरी बदललेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून मिळाली होती. यात नवल नाही. आपल्याकडे ओळख म्हणजे वशिला असंच आपण धरून चालतो. पण ती ओळख कुणाची, हे त्यांनी विचारलं तेव्हा वेगळंच चित्र निघालं. ज्यांची आठवड्यातून दोनदा तरी भेट व्हायची अशांकडून माहिती मिळालेले सुमारे १७ टक्केच होते. जवळपास ५६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली, आणि सुमारे २८ टक्क्यांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. आपले जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, आपल्याला कळतं तेवढंच त्यांनाही कळतं. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. पुढे लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं प्रयोग झाले आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले. तिथेही फार जवळचे आणि अगदीच अनोळखी यांच्या मधले, थोडेसे सैल संबंध नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरले.

तेव्हा यादी करायची ती जिवलगांची नव्हे. जुन्या कंपनीत पलीकडच्या विभागात असलेले, कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेला दादा, मुलाच्या शाळेत भेटणारे पालक, पूर्वी माल पुरवणारा विक्रेता, सोसायटीतले निवृत्त काका. आणि विचारायचं ते नेमकं. ‘काही असेल तर बघा’ या वाक्यावर समोरच्याला काहीच करता येत नाही. त्यापेक्षा असं लिहावं:

‘नमस्कार दादा, मी २०१६ च्या बॅचची, मेकॅनिकलची. गॅदरिंगच्या वेळी आपण एकत्र काम केलं होतं. गेली सहा वर्षं मी क्वालिटी विभागात आहे. आमचा प्लांट पुढच्या महिन्यात बंद होतोय. तुमच्याकडे रांजणगावला क्वालिटीसाठी माणसं घेतात का, आणि अर्ज कुणाकडे जातो, एवढं सांगाल का? दहा मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार बरं होईल. तुमच्या सोयीची वेळ कळवा.’

यात मदत मागितली आहे, पण नोकरी मागितलेली नाही. माहिती सांगायला फारसं कुणी नाही म्हणत नाही.

याच्या जोडीला आणखी एक घरगुती रीत आठवावी. शेजारच्यांकडून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. ज्याने माहिती दिली त्याला पुढे काय झालं ते कळवावं, काम झालं नाही तरी कळवावं. त्याच्या उपयोगाचं काही दिसलं तर पाठवावं. माणसं मदत करून विसरत नाहीत. पुढे काय झालं हे कुणी सांगितलंच नाही, एवढंच त्यांच्या मनात राहतं.

पाण्यात उतरण्याआधी पाठीला डबा बांधा

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहण्याचा प्रसंग आहे. विहिरीच्या भीतीने श्याम माळ्यावर लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते. भीती घालवायला पाण्यातच उतरावं लागतं, हे त्या माउलीला ठाऊक होतं. पण गावोगावी पोहायला शिकवणारे नवख्याच्या पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधतात आणि शेजारी जाणता माणूस असतो. मुलाखतीची पहिली उडी हवी त्याच कंपनीत मारणं म्हणजे डब्याशिवाय उतरणं. आधी घरी, मग मित्रासमोर, मग जिथे निवड झाली नाही तरी चालेल अशा ठिकाणी एकदोन मुलाखती द्याव्यात.

सराव मोठ्याने करायचा, पाढे म्हणायचो तसा. मनातल्या मनात उत्तर नेहमी छान जमतं; तोंडातून निघताना अडखळतं. स्वतःबद्दल सांगा, आधीची नोकरी का सोडली, अडचणीचा एखादा प्रसंग सांगा, हे तीन प्रश्न जवळपास सगळीकडे येतात. प्रत्येकाचं दोन मिनिटांचं उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी उत्तरं पाठ करू नयेत. आपल्या कामाची शंभरेक वाक्यं साध्या इंग्रजीत बोलता येतील एवढी तयारी पुष्कळ झाली. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्यात काही कमीपणा नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी बेकारांसाठी एक छोटा अभ्यासवर्ग तयार केला होता. त्याचे निष्कर्ष १९८९ पासून प्रसिद्ध होत गेले. त्यात अर्ज आणि मुलाखतीबरोबर एक वेगळा भाग होता: कुठे कुठे नकार मिळू शकतो हे आधीच एकत्र बसून मांडायचं आणि तेव्हा आपण काय करू ते ठरवून ठेवायचं. वर्गात आलेल्यांना कामं लवकर आणि अधिक चांगली मिळाली. नैराश्याचा धोका असलेल्यांना तर या वर्गाचा विशेष उपयोग झाला.

ज्या शिकवणी बाजूला ठेवायच्या

आपल्या घरांत नम्रतेला फार मान आहे आणि तो असावाही. पण ‘आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये’ ही शिकवण मुलाखतीत घेऊन गेलेला माणूस स्वतःच्या कामाबद्दल ‘आम्ही केलं’, ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली झालं’ असं बोलत राहतो. समोरच्याला त्याचा वाटा कळतच नाही. आपण काय केलं ते सांगणं ही स्तुती नाही, माहिती आहे. मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या आणि आता परतू पाहणाऱ्या बायकांना याचा सर्वांत जास्त फटका बसतो. ‘मी घरीच होते’ असं त्या म्हणतात. पण त्याच काळात सोसायटीचे हिशेब, शाळेच्या पालक संघाचं काम, शिकवण्या, घरगुती डबे असं काही चाललेलं असतं. त्याला वेळ, पैसा, माणसं सांभाळावी लागलेली असतात. ते अर्जात यायलाच हवं.

‘मोठ्यांना उलट विचारू नये’ हीदेखील दाराबाहेर ठेवावी. मुलाखतीच्या शेवटी काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर मान हलवून उठू नये. हे पद रिकामं का झालं, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, माझं काम कोण पाहील, हे विचारावं.

तिसरी, ‘मिळेल ते गोड मानून घ्यावं’. पगाराच्या बाबतीत हे गोड मानणं पुढची अनेक वर्षं पुरतं, कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर होते. सीटीसी म्हणून सांगितलेला आकडा हातात येत नाही. त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरलेली असते. आपल्या वाट्याची कपात वेगळीच. म्हणून दरमहा खात्यात किती जमा होतील, हे स्पष्ट विचारावं. नोटिशीचा काळ आणि बाँड आहे का, तेही सही करण्याआधी विचारावं. शांत आवाजात विचारलेल्या या प्रश्नांमुळे कुणी दिलेली नोकरी काढून घेत नाही. घेतलीच, तर तिथे पुढे काय वाढून ठेवलं होतं ते आधीच कळलं.

अनोळखी माणसाने दिलेला खाऊ

ही शिकवण मात्र जशीच्या तशी घट्ट धरावी. गरजू माणसाला फसवणं सोपं असतं आणि फसवणाऱ्यांना ते ठाऊक असतं. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, लॅपटॉपची अनामत, पोलीस पडताळणीचा खर्च, कोणत्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबावं. नोकरी देणारा पगार देतो, पैसे घेत नाही. नियुक्तिपत्र कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलं आहे का ते पाहावं आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. घरबसल्या व्हिडिओ ‘लाइक’ करून पैसे मिळवा, अशा टेलिग्रामवरच्या कामांत आधी थोडे पैसे देतात आणि मग लाखो काढून घेतात. पैसे गेलेच तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

परदेशातल्या कामासाठी तर दुप्पट सावध राहावं. आखाती देशांत पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते तपासता येतं. नोंदणीकृत एजंटाला घेता येणारी सेवाफी ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त नाही. पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलू, असं म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी म्हणून नेलेले भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले होते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

नकार आल्यावर

नकारांची एक वही ठेवावी: तारीख, कंपनी, कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो, कोणता प्रश्न अडला. दहाबारा नोंदी झाल्या की चित्र दिसतं. अर्जालाच उत्तर येत नसेल तर बायोडेटा किंवा निवडलेली पदं बदलायला हवीत. पहिल्या फेरीत अडत असेल तर तांत्रिक तयारी. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहत असेल तर बहुधा बोलण्याचा किंवा पगाराच्या अपेक्षेचा प्रश्न असतो, आणि माणूस मुक्कामाच्या अगदी जवळ असतो. एका नकारावरून काहीच ठरवता येत नाही. कित्येकदा ती जागाच गोठवलेली असते.

पण नकारापेक्षा खोल जखम असते ती काढून टाकल्याची. वीस-पंचवीस वर्षं इमाने काम केल्यावर एका सकाळी ओळखपत्र चालेनासं होतं, तेव्हा राग येणं स्वाभाविक आहे. हा राग मुलाखतीत डोकावतो, जुन्या साहेबांबद्दल एक वाक्य निघून जातं आणि समोरचा माणूस सावध होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अचानक कामावरून काढलेल्या, बहुतेक पन्नाशीतल्या तंत्रज्ञांचे गट केले. एका गटाला सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे आहे ते मोकळेपणाने लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने रोजच्या कामांबद्दल लिहिलं. तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही. आठ महिन्यांनंतर पहिल्या गटातले कितीतरी अधिक लोक नोकरीला लागले होते. त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले नव्हते की जास्त मुलाखती दिल्या नव्हत्या. संशोधकांना वाटलं, त्यांचा राग कागदावर उतरला होता आणि त्यामुळे मुलाखतीच्या खोलीत ते मोकळ्या मनाने बसू शकले.

शाळेच्या दिवसांत रोजनिशी लिहायला सांगायचे, तशीच ही आहे. साधी वही, वीस मिनिटांचा गजर, शुद्धलेखनाची काळजी नाही. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकायचं नाही. अपमान, पैशाची भीती, बायको-मुलांसमोर वाटणारी लाज, जे येईल ते येऊ द्यावं. लिहिताना मन फारच उसवत असेल तर थांबावं आणि समुपदेशकाशी बोलावं. पाच दिवस झाले की वही कपाटात ठेवावी आणि जिवावर आलेल्या त्या पहिल्या फोनसाठी क्रमांक काढावा.